अकरा दिवस मी गप्प राहिले

आमची बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची ही गोष्ट. महिनाअखेरीला घर रिकामं करून द्यायचं होतं आणि आम्ही मालाडला भाड्याची जागा बघून ठेवली होती. घरात माणसं चार: मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. एका रविवारी सकाळी बांधाबांध सुरू केली. भांडी, पुस्तकं, गाद्या आम्ही दोघं बघणार होतो आणि देव आई बांधणार होत्या. ते कुणी ठरवायची गरजच नव्हती. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी त्या देव्हाऱ्यातला एकही टाक मी कधी जागचा हलवला नव्हता.

मी एक खोका आणि जुनी सुती साडी देव्हाऱ्यासमोर आणून ठेवली. दुपार झाली तरी खोका रिकामाच. आई स्वयंपाकघरात कडधान्यांचे डबे रिकामे करत बसल्या होत्या. मी म्हटलं, आई, देव तेवढे बांधून घ्या ना. त्या वर न बघता म्हणाल्या, तूच घे.

मला वाटलं कंबर धरली असेल. मी एकेक देव हातात देते, तुम्ही बसल्या बसल्या गुंडाळा, असं म्हटलं तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. नवरा टेम्पोवाल्याशी बोलायला खाली गेला होता. तो नाही याची खात्री करून घेतली आणि मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी भायरची झालंय गो."

आई चाळीस वर्षं मुंबईत आहेत. आधी लालबागच्या खोलीत, गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीत. बोलणं आमच्यासारखंच, पण घाबरल्या की तोंडात गावचं मालवणी येतं. त्या काय म्हणाल्या ते मला कळलं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. त्रेसष्ट वर्षांच्या बाईची पाळी. ती जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. मग अर्थ लागला: हे रक्त पाळीचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी आईंना डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. हाताला लागेल अशी गाठ नव्हतीच. एका बाजूला नुसतं दडस, जाडसर लागत होतं, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही आणि कळेपर्यंत दुखणं काखेपर्यंत पोचलं होतं. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. केस गेले, परत आले, ते कुरळे आले. त्यानंतर हार्मोनची गोळी सुरू झाली. त्यांचा कॅन्सर बाईच्या अंगातल्या हार्मोनवर वाढणारा होता, ते हार्मोन त्याला मिळू द्यायचं नाही म्हणून रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. पहिल्या गोळीनं सांधे इतके धरले की जमिनीवरून उठता येईना, त्यात हाडंही ठिसूळ निघाली. दीड वर्षापूर्वी गोळी बदलली. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं की या गोळीनं गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं, क्वचित त्यात दुसरं काही निघतं. रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी लगेच यायचं. मी मान हलवली होती. घरी येऊन ते कॅलेंडरच्या मागे लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

किती दिवस झाले, मी विचारलं. आठ, त्या म्हणाल्या.

उद्याच्या उद्या दाखवू म्हणून मी फोन घ्यायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. डब्यांचं काम करून करून त्यांचा हात आजही पुरुषासारखा दणकट आहे. सासरे गेल्यावर पंधरा वर्षं त्यांनी जेवणाचे डबे दिले होते.

"त्याका सांगू नको. घर हलू दे आधी. माझी शपथ आसा तुका."

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. केमोच्या वेळी त्याच्या सगळ्या रजा संपल्या आणि नोकरी गेली होती. नवीन लागून वर्षही झालं नव्हतं. नुकतंच त्याला बीपी निघालं होतं. माझ्यामुळे याची एकदा वाट लागली, पुन्हा नको, असं आईंच्या मनानं घेतलं होतं. घर हलायला अकरा दिवस होते. मी हो म्हटलं.

का म्हटलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. शपथेला मी मानत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते सोपं वाटलं. घरभर खोके, मुलीची परीक्षा, माझ्या कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनची गर्दी. गोळीनं असं होतं हे डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं, म्हणजे गोळीचंच असणार, अकरा दिवसांनी काय होतंय, अशी मी माझी समजूत घातली.

मग देव मी बांधले. आई दारात उभ्या राहून सांगत होत्या, आधी बाळकृष्ण, मग अन्नपूर्णा, टाक सगळ्यात शेवटी आणि उताणे नको. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं महिन्याचे ते दिवस मी याच दारापलीकडे काढले होते. चहाचा कप त्या खाली ठेवायच्या आणि मी उचलायचा. ऑफिसातून दमून आल्यावर वेगळ्या सतरंजीवर बसायचं, याचा मला भयंकर राग होता. मुलगी झाल्यावर ते हळूहळू सुटलं, पण मी विसरले नव्हते. आज त्या पलीकडे उभ्या होत्या आणि मला त्यात कसलंच समाधान मिळत नव्हतं.

रात्री मी माझ्या कपाटातलं पॅडचं पाकीट त्यांना दिलं. त्यांनी आयुष्यभर कापड वापरलेलं. कसं लावायचं ते त्यांनी विचारलं, मी दाखवलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

पुढचे अकरा दिवस मी रोज सकाळी निघताना डोळ्यांनीच विचारायचे आणि त्या हातानं खूण करायच्या, कमी आहे. पाकीट मात्र तिसऱ्या दिवशी संपलं. दुसरं पाचव्या दिवशी संपलं. मी तिसरं आणून ठेवलं. बुधवारी नेहमीप्रमाणे गोराईची मासेवाली आली. तिच्याशी घासाघीस केल्याशिवाय आईंचा बुधवार जात नसे. त्या दिवशी त्यांनी टोपलीत डोकावूनही बघितलं नाही, मला म्हणाल्या, काय घ्यायचं ते घे. मासेवालीनं मला जिन्यात गाठून विचारलं की म्हातारी आजारी आहे काय, ओठ बघितलेस का तिचे, पांढरे पडलेत. मी म्हटलं, घराच्या गडबडीत दमल्यात. खोटं बोलताना इतकं सहज कसं जमलं याचं मलाच नवल वाटलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी नवऱ्याला सांगायचं ठरवलं होतं. तो घरी आला तोच भाडेकराराच्या कागदात काहीतरी चूक निघाली म्हणून फोनवर भांडत आला, आणि मी पुन्हा गप्प बसले. आता दोनच दिवस राहिलेत, असं मनाशी म्हणाले.

घर हललं त्या दिवशी मालाडच्या बिल्डिंगची लिफ्ट सामानासाठी अडकवून ठेवली होती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आई जिन्यानं निघाल्या, पुढे माझी मुलगी, मागे नवरा हातात दोन पिशव्या घेऊन, त्याच्या मागे मी. दुसऱ्या मजल्यावर आईंनी कठडा धरला आणि पायरीवर बसल्या. जरा दम खाऊ दे, म्हणाल्या. दम खाऊन उठल्या तेव्हा ती पायरी ओली होती.

मुलगी शाळेत हे सगळं शिकलेली. तिला लपवायचं काही कारण नव्हतं. ती म्हणाली, "आजी, तुला पिरियड्स आलेत का?"

नवऱ्यानं पायरीकडे बघितलं, आईंच्या साडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यावरूनच त्याला कळलं.

"तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. किती दिवस, त्यानं विचारलं. अकरा, मी म्हटलं, त्याआधी आठ त्यांनी एकट्यांनी काढले. त्यानं पिशव्या तिथेच ठेवल्या, आईंना हाताला धरून खाली नेलं आणि रिक्षात घातलं. मुलीला सामानापाशी थांबायला सांगून मी मागोमाग धावले आणि रिक्षात चढले. आई मधे बसल्या होत्या आणि मालवणीत पुटपुटत होत्या की तिची काही चूक नाही, मीच तिला बांधून घातलं. तो बाहेर बघत होता.

हॉस्पिटलात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर एकोणीस मिलिमीटर निघालं. या वयात ते चार-पाचच्या वर नसावं, असं तिथल्या गायनॅकनं सांगितलं. पण ती फार काळजीत दिसली नाही. या गोळीवरच्या बायकांत अस्तर असं जाड झालेलं तिनं पुष्कळदा बघितलं होतं, बहुतेक वेळा साधं मांस वाढलेलं असतं, काढलं की झालं. गोळी बंद करायला सांगितली, आणि दोन दिवसांनी भूल देऊन, आत दुर्बीण घालून अस्तराचे तुकडे तपासायला पाठवले.

ते तीन-चार दिवस आम्ही जवळजवळ आनंदात होतो. आई नव्या घरात खिडकीपाशी पलंग हलवून घेत होत्या. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलू लागला होता. मुलीचा डबा भरलास का, किल्ली कुठंय, एवढंच.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला.

आम्ही दोघं कॅन्सरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो, आईंना घरी ठेवून. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाल्या की कॅन्सर आहे हे नक्की, पण कुठला ते यावरून कळत नाही. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे या गोळीनं गर्भाशयाचा नवा कॅन्सर सुरू झालाय. तसं असेल आणि बाहेर पसरलं नसेल, तर गर्भाशय काढून टाकायचं, बऱ्याच जणी त्यातून पूर्ण बऱ्या होतात. दुसरी शक्यता म्हणजे स्तनाचाच जुना कॅन्सर, गोळी चालू असताना, तिला न जुमानता गर्भाशयात जाऊन बसलाय. हे फार क्वचित होतं. पण आईंचा कॅन्सर ज्या प्रकारचा होता, तो प्रकार अशा आडवाटेच्या जागी जातो. तसं असेल तर मग तो पसरलेला आजार. आटोक्यात ठेवायचा, मुळातून जाईल असं धरून चालायचं नाही. त्याच तुकड्यावर आणखी खास तपासण्या करून ते ठरणार होतं. आठ-दहा दिवस लागतील.

बाहेर येऊन आम्ही पार्किंगपाशी उभे राहिलो. भर उन्हाची वेळ होती. नवरा म्हणाला, "नवीन असू दे." मी म्हटलं, हो. इतक्या दिवसांनी आमचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे त्याच्या आईला नवा कॅन्सर झालेला असावा.

ते दहा दिवस कसे गेले ते मला नीट आठवतही नाही. ऑफिसात फोन वाजला की मी बाहेर पळायचे. एका मुलाचा फॉर्म मी तीन वेळा चुकीचा भरला आणि शेवटी बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. घरी आम्ही आईंना एवढंच सांगितलं होतं की अजून एक रिपोर्ट यायचाय. पण त्या खुळ्या नव्हत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मी भाजी चिरत होते, त्या समोर स्टुलावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मला काय ते सरळ सांग.

एकदा गप्प राहून काय झालं ते मी बघितलं होतं. मी सगळं सांगितलं, दोन्ही शक्यता, डॉक्टर म्हणाल्या तशा. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे एक चांगला कॅन्सर आणि एक वाईट कॅन्सर, असं?"

मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्यांनी चिरलेली भाजी पुढे ओढून पातेल्यात भरली. मग म्हणाल्या की त्याला सांग, मला माहितीये म्हणून, उगाच माझ्यासमोर हसून दाखवतो. मी त्या संध्याकाळी सांगितलं. तो आईंच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

रिपोर्ट दहाव्या दिवशी आला. जुनाच होता.

या वेळी आई आमच्याबरोबर होत्या, त्यांनी हट्टच धरला होता. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढून त्यांच्याशीच बोलायला सुरुवात केली. स्तनातल्याच पेशी गर्भाशयात गेल्यात, स्कॅनमध्ये कमरेच्या हाडातही एक लहान ठिपका दिसतोय. फुप्फुसं, लिव्हर स्वच्छ आहेत. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तर मग काढून टाका पिशवी. तीन पोरं झाली त्यात, एक जगलं, आता तिचं काही काम नाही.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या की पिशवी काढून तो जाणार असता तर आजच काढली असती. पण तो रक्तातून फिरतोय, एका जागचा काढून बाकीचा राहील. रक्त थांबलंच नाही तर बघू. त्यापेक्षा औषध बदलू, दुसऱ्या मार्गानं त्याचं हार्मोन तोडू.

ते आईंना पटलं नाही. अंगात वाईट वस्तू आहे हे माहीत असून ती आत ठेवायची, हे त्यांच्या हिशेबात बसेना. घरी येईपर्यंत त्या म्हणत होत्या की डॉक्टर काहीतरी लपवतायत, ऑपरेशन करण्यासारखी मी राहिले नाही म्हणून नाही म्हणाल्या. नवऱ्यानं दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनीही तेच सांगितलं. तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या, पटल्यामुळे नव्हे, थकल्यामुळे.

नवं औषध म्हणजे महिन्यातून एकदा कुल्ल्यात दोन्ही बाजूंना जाड सुईची इंजेक्शनं आणि एकवीस दिवस गोळी, मग सात दिवस सुट्टी. रक्त जायचं थांबायला दीड महिना लागला. तोवर मी रोज विचारत राहिले, या वेळी तोंडानं, आणि किती पॅड लागले ते मोजून वहीत लिहीत राहिले. आईंना त्याची लाज वाटायची. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी आई आत असताना मी डॉक्टरबाईंना एकटी भेटले. त्या अकरा दिवसांबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या की ते तिथे कित्येक महिन्यांपासून असणार, अकरा दिवसांनी त्यात काही फरक पडला नाही. मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, "आजाराला फरक पडला नाही. रक्त इतकं गेलं, ते वाचलं असतं."

त्या खोटा दिलासा देत नाहीत म्हणूनच मी त्यांना विचारलं होतं. तरी ते दुसरं वाक्य मला जड गेलं. घरी आल्यावर मी ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला की आईनं मला शपथ घातली असती तर मीही गप्पच राहिलो असतो बहुतेक. हे त्यानं मनापासून म्हटलं की माझ्यासाठी म्हटलं, मला ठाऊक नाही. पण त्यानंतर तो माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागला. अधूनमधून मात्र, मी काही सांगायला जराशी थांबले तरी तो लगेच विचारतो, काय लपवतेयस?

आता या गोष्टीला आठ महिने झाले. मागच्या स्कॅनमध्ये गर्भाशयातलं निम्म्याहून कमी झालंय आणि हाडातला ठिपका आहे तेवढाच आहे. आईंच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग गोळी आठवडाभर थांबवावी लागते, आणि त्या आठवड्यात आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. त्या थकतात. दुपारी झोपतात, पूर्वी कधी झोपत नसत. मासे स्वतः साफ करतात. मुलीला घावन शिकवतात आणि तिला जमत नाही म्हणून रागावतात.

एक गोष्ट आमची ठरली आहे. अंगात काहीही वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी आम्हा दोघांनाही सांगायचं. गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसात त्यांचा फोन आला. पाठीत दुखतंय, कालपर्यंत नव्हतं, त्यालाही केलाय फोन, म्हणाल्या. मी अर्ज तसाच टेबलावर टाकून निघाले. नवरा अंधेरीहून थेट हॉस्पिटलात आला. आईंना एक्स-रेला आत नेलं आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. तासभर कुणी काही सांगेना.

डॉक्टरबाई आल्या, फिल्म उजेडात धरून बघितली. स्नायू धरलाय, म्हणाल्या, काही जड उचललं का? आईंनी आधी नाही म्हटलं. मग सांगितलं की पाण्याची कळशी उचलली होती. नवरा त्यांना ओरडला. बाईंनी शेक द्यायला सांगितला आणि पुढच्या महिन्यातल्या स्कॅनची तारीख लिहून दिली.